एलकॅट, एचडीएल आणि तुमचा रिपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड ते वेंगुर्ला या पट्ट्यातल्या एका छोट्या लॅबच्या खिडकीशी रिपोर्ट हातात धरून लोक जे विचारतात, त्यातले हे प्रश्न. बहुतेकांचं बोट एकाच ओळीवर असतं: एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल. तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळायला रक्तातल्या एका एन्झाइमची ओळख करून घ्यावी लागते, म्हणून सुरुवात तिथून केली आहे. औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

एलकॅट म्हणजे काय?

पूर्ण नाव लेसिथिन-कोलेस्टेरॉल असिलट्रान्सफरेज. शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात, त्या जातीचं हे प्रथिन. लेसिथिन नावाच्या स्निग्ध पदार्थातून एक फॅटी आम्ल तोडून काढायचं आणि कोलेस्टेरॉलला जोडायचं, एवढंच त्याचं काम. ते मुख्यतः यकृतात तयार होतं आणि तिथून रक्तात सोडलं जातं. एक मिलिलिटर रक्तद्रवात ते जेमतेम 5 मायक्रोग्रॅम असतं.

रिपोर्टमध्ये दिसणारी एसजीपीटी, एसजीओटी ही एन्झाइम तुम्हाला माहीत असतील. ती मुळात पेशींच्या आत काम करतात. पेशीला इजा झाली की रक्तात गळतात, म्हणून आपण ती मोजतो. एलकॅटचं तसं नाही. त्याची कामाची जागाच रक्त आहे.

पण कोलेस्टेरॉलला फॅटी आम्ल जोडून फायदा काय?

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

रक्तात कोलेस्टेरॉल दोन रूपांत असतं, मोकळं आणि जोडलेलं. जोडलेल्याला कोलेस्टेरॉल एस्टर म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्तातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी साधारण 70 ते 75 टक्के एस्टरच असतं, आणि त्यातलं बरंचसं एलकॅटने केलेलं असतं.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तातून एकटं फिरू शकत नाही. प्रथिनं आणि चरबी मिळून झालेल्या सूक्ष्म कणांतून त्याची ने-आण होते. एचडीएल आणि एलडीएल (ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात) ही अशा कणांचीच नावं. मोकळ्या कोलेस्टेरॉलच्या रेणूला एका टोकाला पाण्याशी जुळवून घेणारा छोटा भाग असतो, त्यामुळे ते कणाच्या पृष्ठभागावर राहतं. एलकॅट नेमकं त्याच टोकाला फॅटी आम्ल जोडतं. तसं झालं की पाण्याशी असलेलं नातं तुटतं आणि तो रेणू कणाच्या पोटात जातो.

होडीवर जाळं ओढून मासळी डेकवर ओतली आणि ती तशीच पडून राहिली, तर दुसरं जाळं ओढायला जागा उरत नाही. खालच्या खणात बर्फात टाकली की डेक मोकळा. एलकॅटचं काम खणात मासळी भरणाऱ्या खलाशाचं आहे.

यकृत आणि आतडं यांनी नुकताच सोडलेला एचडीएल कण चपटा असतो, थाळीसारखा. पोट रिकामं असतं, म्हणून चपटा. एलकॅट त्यावर बसतं, कणाच्या कडेला गुंडाळलेल्या एपोए-1 या प्रथिनाने ते चालू होतं, पृष्ठभागावरचं कोलेस्टेरॉल एस्टर होऊन आत जातं आणि कण हळूहळू गोल होतो. पृष्ठभाग मोकळा झाला की कण पेशींकडून आणखी कोलेस्टेरॉल घेऊ शकतो. एलकॅट नसेल तर कण चपटाच राहतो, आणि असे कण मूत्रपिंडातून लवकर निघून जातात.

कुठलं फॅटी आम्ल जोडलं जातं? त्याचा आपल्या खाण्याशी संबंध आहे का?

आहे. माणसाचं एलकॅट बहुतेकदा लिनोलिक आम्ल उचलतं, जे शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन यांच्या तेलात भरपूर असतं. आहारातलं तेल बदललं की काही आठवड्यांत रक्तातल्या एस्टरची घडणही बदलते. आहाराचे अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हीच घडण तपासून माणसाने खरोखर कुठलं तेल खाल्लं ते ओळखतात. 'मी तळलेलं खातच नाही' असं सांगणाऱ्याची पंचाईत करायला ही तपासणी उत्तम, पण आपल्या तालुक्याच्या गावी ती होत नाही.

माझ्या लिपिड प्रोफाइलमध्ये एलकॅट कुठे लिहिलंय?

कुठेच नाही. ही नेहमीची तपासणी नाही.

मजा अशी, की 'एकूण कोलेस्टेरॉल' मोजताना लॅबमध्ये एलकॅटने केलेलं काम आधी उलटवावं लागतं. रक्त गोठू देतात, नळी फिरवून वरचं पिवळसर सीरम वेगळं काढतात. त्यातलं 10 मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही लहानसा अंश, रसायनात टाकून 37 अंशावर ठेवतात. त्या रसायनात कोलेस्टेरॉल एस्टरेज नावाचं एन्झाइम असतं. ते सगळे एस्टर तोडून कोलेस्टेरॉल मोकळं करतं. दुसरं एन्झाइम त्याचं ऑक्सिडीकरण करतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि तिसऱ्याच्या मदतीने नळी गुलाबी होते. कोलेस्टेरॉल जास्त, तर गुलाबी गडद. यंत्र तो रंग वाचतं आणि 180 किंवा 240 असा आकडा छापतं. म्हणजे तुमच्या कागदावरच्या एकूण आकड्यात मोकळं आणि जोडलेलं दोन्ही एकत्र आहे. त्यावरून एलकॅट किती चालतंय ते कळत नाही.

याचा शोध कसा लागला?

1935 मध्ये स्पेरी या अमेरिकी शास्त्रज्ञाला दिसलं, की सीरम शरीराच्या तापमानाला ठेवून दिलं तर त्यातलं मोकळं कोलेस्टेरॉल आपोआप कमी होतं. म्हणजे शरीराबाहेर, नळीतसुद्धा काहीतरी काम करत होतं. काय ते कळायला बराच काळ गेला. 1962 मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन ग्लोमसेट यांनी दाखवलं, की फॅटी आम्ल लेसिथिनमधून येतं आणि ते हलवणारं एक स्वतंत्र एन्झाइम रक्तद्रवात आहे. पुढे 1968 मध्ये त्यांनीच अशी मांडणी केली की पेशींतलं जास्तीचं कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेण्याच्या वाटेवर हे एन्झाइम महत्त्वाचं असावं. एचडीएलला 'चांगलं' म्हणण्यामागचा विचार बराचसा तिथून आला.

परत नेण्याची ती वाट नेमकी कशी आहे?

थोडक्यात अशी. पेशीच्या आवरणावर एबीसीए-1 नावाचं प्रथिन असतं. ते आतलं कोलेस्टेरॉल बाहेर, जवळपास रिकाम्या एपोए-1 प्रथिनाच्या हवाली करतं. त्यातून चपटा कण बनतो. एलकॅट तो भरून गोल करतं. मग हा माल दोन रस्त्यांनी यकृताकडे जातो. एक म्हणजे एचडीएल कण स्वतः यकृतापर्यंत पोचून तो उतरवतो. दुसरा म्हणजे सीईटीपी हे रक्तातलं आणखी एक प्रथिन एचडीएलमधले एस्टर काढून एलडीएल आणि व्हीएलडीएल या दुसऱ्या कणांमध्ये टाकतं, बदल्यात ट्रायग्लिसराइड ही दुसऱ्या प्रकारची चरबी आणतं. ते एलडीएल कण पुढे यकृत ओढून घेतं. यकृतातून पित्तात, पित्तातून आतड्यात, आणि काही भाग शौचावाटे बाहेर.

यातला पहिला टप्पाच बंद पडला तर काय होतं, ते एका मच्छीमारांच्या बेटावर दिसलं. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यालगत चेसापीक उपसागरात टँजिअर नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या एका मुलाचे टॉन्सिल नारिंगी होते आणि रक्तात एचडीएल जवळजवळ नव्हतंच. त्याच्या बहिणीचंही तसंच. 1961 मध्ये या आजाराचं वर्णन झालं. टॉन्सिलचा नारिंगी रंग तिथे साठलेल्या कोलेस्टेरॉल एस्टरमुळे होता. दोष एबीसीए-1 च्या जनुकात आहे हे 1999 मध्ये कळलं. बेटावर पिढ्यान्‌पिढ्या आपापसात लग्नं होत असली की असे दुर्मिळ दोष वर येतात; खाड्यांनी वेगळ्या पडलेल्या वाड्यांत राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

'माशे रोज खातंय, तरी माजा चांगला कोलेस्ट्रॉल कमी कशाक?'

हा प्रश्न याच शब्दांत येतो आणि विचारणाऱ्याचा सूर तक्रारीचा असतो. पहिलं म्हणजे, काका, तुम्ही एकटे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहावरच्या मोठ्या पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या लोकांचं रक्त तपासलं होतं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 72.3 टक्के लोकांचं एचडीएल कमी होतं. पुरुषांसाठी 40 आणि बायकांसाठी 50 च्या खाली म्हणजे कमी, असा तो हिशेब. एवढ्या सगळ्यांचं एलकॅट बिघडलेलं नाही.

बहुतेकदा गुन्हेगार शेजारच्या ओळीत सापडतो: ट्रायग्लिसराइड. ते वाढलं की सीईटीपीची देवघेव जोरात चालते. एचडीएल कणातून कोलेस्टेरॉल जातं, ट्रायग्लिसराइड येतं. अशा कणाला यकृताजवळचं एक लायपेज एन्झाइम कुरतडून लहान करतं आणि ते लहान कण टिकत नाहीत. एलकॅट आपलं काम चोख करत असलं तरी एचडीएलचा आकडा खाली येतो. म्हणून एचडीएल 32 आणि ट्रायग्लिसराइड 260 असा रिपोर्ट दिसला, तर एचडीएलचं औषध शोधण्यापेक्षा पोटाचा घेर, साखर आणि ताटातला भात बघावा.

मासे चांगलेच आहेत. बांगडा, तारली, पेडवे या तेलकट मासळीतलं ओमेगा-3 ट्रायग्लिसराइड कमी करायला मदत करतं. पण आपल्याकडे माशाच्या दोन तुकड्यांबरोबर भाताचा डोंगर येतो. दुपारी तेच, रात्री तेच, आणि पूर्वी शेतात किंवा होडीवर जे अंग मोडायचं ते आता दुचाकीवर बसतं. भात उकड्या तांदळाचा आहे म्हणून हवा तितका चालतो, असंही नाही.

नारळ सोडायचा का?

नारळात कोलेस्टेरॉल शून्य असतं. ते कुठल्याच वनस्पतीत दखल घेण्याइतकं नसतं, त्यामुळे तेलाच्या बाटलीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' छापणं ही निव्वळ जाहिरात आहे. प्रश्न संपृक्त चरबीचा आहे. खोबरेल तेलातली जवळपास 90 टक्के चरबी संपृक्त असते. 2020 मध्ये अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल सुमारे 10 आणि एचडीएल सुमारे 4 मिलिग्रॅमने जास्त आढळलं. 'चांगलंही वाढतं ना!' म्हणून खूश होणाऱ्यांनी पुढचा गोळीचा प्रश्न जरूर वाचावा.

वाटपातलं ओलं खोबरं आणि चमचाभर खोबरेल तेल एकच नव्हे. खोबऱ्यात चोथा असतो, आणि माणशी जातं किती, तर मूठभरही नाही. ज्यांचं एलडीएल आधीच 160-170 आहे, त्यांनी तळणाला खोबरेल वापरू नये आणि सोलकढीचे तीन-तीन पेले रिचवू नयेत, एवढं माझं मत. नारळाशिवाय कालवण करा असं सांगणारा डॉक्टर मालवणात फार दिवस टिकणार नाही.

कोळंबी, माकूल, कुर्ल्या? त्यात तर कोलेस्टेरॉल फार असतं म्हणतात.

असतं. 100 ग्रॅम कोळंबीत साधारण 150 ते 190 मिलिग्रॅम, माकूलमध्ये 230 च्या आसपास. पण संपृक्त चरबी अगदी कमी, आणि बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीने जास्त हलतं. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शक तत्त्वांतून रोजची 300 मिलिग्रॅमची मर्यादा 2015 च्या आवृत्तीत काढून टाकली ती याच कारणाने. कोळंबी तळली कशात, हा खरा प्रश्न. सुकट, सोडे, खारे बांगडे यांचा जाच कोलेस्टेरॉलसाठी कमी आणि मिठासाठी जास्त; रक्तदाबवाल्यांनी त्यांच्याकडे बघावं.

एचडीएल वाढवायची गोळी द्या ना!

हीच मागणी औषध कंपन्यांनी स्वतःकडे केली होती, आणि तिचं पुढे काय झालं ते मुळातून सांगण्यासारखं आहे.

तर्क सरळ होता. सीईटीपी एचडीएलमधले एस्टर काढून घेतं. ते थांबवलं तर एचडीएल वाढेल. एचडीएल जास्त असणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, तेव्हा झटके कमी होतील. टॉरसेट्रापिब नावाचं औषध आलं. 15,000 जणांवर चाचणी झाली. एचडीएल 72 टक्क्यांनी वाढलं, एलडीएल सुमारे 25 टक्क्यांनी उतरलं. रिपोर्ट बघितला तर कुणीही पेढे वाटले असते. आणि डिसेंबर 2006 मध्ये चाचणी तातडीने बंद करावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होत होते. या औषधाने रक्तदाबही वाढत होता. त्याच जातीची आणखी औषधं आली. डाल्सेट्रापिब 2012 मध्ये, इव्हासेट्रापिब 2015 मध्ये थांबवलं, उपयोग दिसत नव्हता म्हणून. अ‍ॅनासेट्रापिबचा 2017 मध्ये थोडा फायदा दिसला, पण तो एचडीएल दुपटीने वाढल्याचा नसून एलडीएल कमी झाल्याचा असावा असाच बहुतेकांचा निष्कर्ष आहे.

नायसिनचंही तेच. हे जुनं, ब जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध एचडीएल वाढवतं. एलडीएल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांच्या जोडीला ते देऊन केलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, एक 2011 मध्ये थांबवलेली आणि दुसरी 25,000 हून जास्त लोकांवरची 2014 मध्ये प्रसिद्ध झालेली, झटके कमी झाले नाहीत. 2012 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली: ज्यांचं एचडीएल एका जनुकातल्या फरकामुळे जन्मभर जास्त असतं, त्यांना हृदयविकार कमी होतो असं दिसलं नाही.

याचा अर्थ एलकॅट आणि एचडीएल निरुपयोगी, असा नव्हे. रिपोर्टवरचा एचडीएलचा आकडा त्या क्षणी कणांत भरलेलं कोलेस्टेरॉल मोजतो. किती कोलेस्टेरॉल पेशींतून उचललं आणि किती यकृतात उतरवलं, हे तो मोजत नाही. वाहतूक जोरात असतानाही आकडा कमी असू शकतो आणि वाहतूक तुंबली असताना जास्त. इटलीत गार्दा सरोवराच्या काठी लिमोने नावाचं गाव आहे. तिथल्या काही कुटुंबांत एपोए-1 चा एक वेगळा प्रकार 1980 मध्ये सापडला. त्यांचं एचडीएल फारच कमी, तरी त्या मानाने हृदयविकार वाढलेला नव्हता.

म्हणून माझं स्पष्ट मत: एचडीएल कमी दिसलं तर ते धोक्याची खूण म्हणून वाचा, त्यामागचं ट्रायग्लिसराइड, साखर, तंबाखू शोधा, पण तो आकडा वर ढकलण्याच्या मागे लागू नका. औषधाने खाली आणायचा आकडा एलडीएलचा आहे, आणि ते केल्याने झटके कमी होतात याचे पुरावे भक्कम आहेत.

मग स्टॅटिन याच एन्झाइमवर काम करतं का?

नाही. स्टॅटिन यकृताच्या पेशींच्या आतल्या एचएमजी-सीओए रिडक्टेज या एन्झाइमला रोखतं, जिथे कोलेस्टेरॉल मुळात तयार होतं. आत टंचाई झाली की यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घ्यायला जास्त ग्राही बाहेर लावतं. रक्तातल्या एलकॅटशी त्याचं थेट देणंघेणं नाही. आणि गोळीच्या जागी कोकमाचं आगळ पिणाऱ्यांना विनंती: आगळ प्या, गोळीही घ्या.

दोन पेगांनी चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं म्हणतात, खरं?

आकडा थोडा वाढतो, हे खरं आहे. वर जे सांगितलं तेच इथेही लागू: आकडा वाढला म्हणजे फायदा झाला असं नाही. दारूने ट्रायग्लिसराइड वाढतं, यकृत खराब होतं, आणि एलकॅट तर यकृतातच बनतं. काजूच्या हंगामात हुर्राकाचं समर्थन करायला वैद्यकशास्त्र मदतीला येणार नाही.

यकृताच्या आजारात एलकॅटचं काय होतं?

कमी होतं. सिरोसिसमध्ये किंवा काविळीच्या जोरदार आजारात यकृताला ते पुरेसं बनवता येत नाही, आणि रक्तात जोडलेल्याच्या तुलनेत मोकळं कोलेस्टेरॉल वाढतं. हे प्रमाण एके काळी यकृताच्या कामाची परीक्षा म्हणून मोजलं जायचं. मोकळं कोलेस्टेरॉल तांबड्या पेशींच्या आवरणातही घुसतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी नेमबाजीच्या चकतीसारख्या दिसतात, मध्ये ठिपका आणि भोवती कडं. काविळीत लिपिड प्रोफाइल वेडंवाकडं आलं तर घाबरू नका. यकृत सावरल्यावर पुन्हा करा.

जन्मतःच एलकॅट नसेल तर?

अत्यंत दुर्मिळ, पण एलकॅटबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंच या रुग्णांनी शिकवलं. 1967 मध्ये नॉर्वेत नोरुम आणि योने या डॉक्टरांनी एका 33 वर्षांच्या बाईची हकीकत प्रसिद्ध केली. बुबुळावर धुरकटपणा, रक्त कमी, लघवीतून प्रथिन जात होतं आणि रक्तात कोलेस्टेरॉल एस्टर जवळजवळ नव्हतेच. तिच्या दोन बहिणींनाही तेच निघालं. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो. ते जनुक 16 व्या गुणसूत्रावर आहे.

यात सगळ्यात मोठी भीती मूत्रपिंडाची. लिपोप्रोटीन-एक्स नावाचे विचित्र कण तयार होऊन मूत्रपिंडाच्या गाळण्यांत साठतात, आणि चाळिशी-पन्नाशीपर्यंत अनेकांची मूत्रपिंडं निकामी होतात. प्रत्यारोपण केलं तरी नव्या मूत्रपिंडात तोच त्रास पुन्हा उद्भवू शकतो, कारण मूळ दोष यकृतातून येणाऱ्या एन्झाइममध्ये आहे.

आणि हृदय? एचडीएल 10 च्याही खाली असताना या लोकांना तरुणपणीच झटके यायला हवेत, असं वाटेल. तसं ठळकपणे दिसत नाही. त्यांचं एलडीएलही सहसा कमीच असतं. एचडीएलच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांना हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

याचा एक सौम्य भाऊ आहे. एलकॅट एचडीएलवरही काम करतं आणि एलडीएलवरही. काही जनुकदोषांत फक्त एचडीएलवरचं काम बंद पडतं. 1979 मध्ये स्वीडनमध्ये असे रुग्ण आढळले. त्यांचे डोळे उकडलेल्या माशाच्या डोळ्यांसारखे पांढरट दिसायचे, म्हणून आजाराचं नावच मत्स्यनेत्र. कालवणातल्या बांगड्याचं डोकं पाहिलेल्या कुणालाही ते डोळे कसे दिसत असतील ते सांगावं लागणार नाही. यात मूत्रपिंडं शाबूत राहतात, त्रास मुख्यतः नजरेचा.

आमच्या आजीच्या बुबुळाभोवती पांढरी कडा आहे. तोच आजार का?

नाही. वय झाल्यावर बुबुळाच्या कडेला अशी राखाडी-पांढरी रिंग अनेकांना येते, त्याने नजर जात नाही. एलकॅटच्या दोषात बुबुळभर बारीक राखाडी ठिपके पसरलेले असतात. मात्र तीच कडा पस्तिशीच्या मुलाच्या डोळ्यात दिसली, तर त्याचं एलडीएल जरूर तपासा, कारण कुटुंबात चालत आलेलं जास्त कोलेस्टेरॉल असू शकतं. आणि मोतीबिंदू वेगळा, तो आतल्या भिंगाचा.

रिपोर्टमध्ये एचडीएल 9 आलंय. काय करू?

आधी पुन्हा तपासा. नुकताच मोठा ताप, लेप्टो किंवा न्यूमोनिया झाला असेल तर काही आठवडे थांबून. मग स्वतःला प्रामाणिक उत्तर द्या: जिममध्ये कुणी इंजेक्शनं दिली का? शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टिरॉइड्स एचडीएल पार तळाला नेतात. तरुण मुलांत एवढं कमी एचडीएल दिसलं की मी पहिली शंका हीच घेतो, आणि आईसमोर विचारत नाही. ट्रायग्लिसराइड फार जास्त असेल तर तेही कारण पुरतं. रक्तात काही असाधारण प्रथिनं वाढलेली असतील तर यंत्रही फसतं.

यातलं काहीच नसेल आणि जोडीला बुबुळ धुरकट, हिमोग्लोबिन कमी, लघवीत प्रथिन असं काही असेल, तर मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडे जा. मोकळं कोलेस्टेरॉल आणि एस्टर वेगवेगळं मोजणं, मग जनुकतपासणी, असा तो रस्ता आहे. लघवीची साधी तपासणी मात्र इथेच करून घ्या. ती स्वस्त आहे आणि मूत्रपिंडाचा त्रास तिथे आधी दिसतो.

मामेबहिणीशी लग्न ठरतंय. यासाठी तपासणी करावी का?

केवळ एवढ्यासाठी नको, आजार फार दुर्मिळ आहे. घरात आधीच कुणाला झालेला असेल, तर मात्र जनुकसल्लागाराला विचारा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलात आजाराची शक्यता चारात एक. वाहकांना स्वतःला बहुधा काही त्रास नसतो, फक्त एचडीएल थोडं कमी असू शकतं.

एलकॅट इंजेक्शनने देता येत नाही का?

प्रयत्न झालेत. प्रयोगशाळेत बनवलेलं मानवी एलकॅट अमेरिकेत एका रुग्णाला दिल्याचा वृत्तांत 2016 मध्ये आला. रक्तातले कण सुधारले, रक्तक्षयही. पण रक्तात गेलेलं एलकॅट चार-पाच दिवसांत निम्मं होतं, म्हणजे ते पुन्हा पुन्हा द्यावं लागणार. हृदयाचा झटका आलेल्यांवरही हे औषध वापरून पाहिलं, तिथे हृदयाच्या स्नायूची हानी कमी झाली नाही. बाजारात मिळेल असं औषध अजून नाही, आणि 'एलकॅट वाढवणारा' म्हणून कुणी काढा विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

तपासणीला उपाशी यायचं का? सकाळच्या पहिल्या एसटीने येतो, चहाशिवाय चालत नाही.

नुसतं एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल बघायचं असेल तर जेवलेलं असलं तरी फारसा फरक पडत नाही, आणि अनेक मार्गदर्शक सूचनांमध्ये आता उपाशीपोटीचा आग्रह राहिलेला नाही. पण ट्रायग्लिसराइड जेवणानंतर चढतं. बऱ्याच ठिकाणी एलडीएल थेट न मोजता 1972 च्या फ्रिडवाल्ड सूत्राने काढतात: एकूण वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असलं की हे सूत्र चालत नाही. गणपतीत मोदकांच्या पंगतीनंतर आलेल्यांचं सीरम कधी कधी दुधासारखं पांढरं निघतं आणि मग त्यांना दुसऱ्यांदा यावं लागतं. पाणी प्या, रोजच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि चहाचा थर्मास बरोबर आणा. रक्त दिल्यावर बाहेरच्या बाकावर बसून प्यायला हरकत नाही.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

जुने रिपोर्ट, असतील तेवढे. चालू गोळ्यांची पाकिटं. वडील, काका, मोठा भाऊ यांच्यापैकी कुणाला कितव्या वर्षी झटका आला ते आठवून. आणि तंबाखू-मिश्रीबद्दल विचारलं तर वहिनींनी खरं सांगावं, घरचे बरोबर असले तरी.